लाइफबोटवर तुम्ही नेमकं करता काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीसाठी ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात आलो आणि दुसऱ्याच वर्षी तिथल्या लाइफबोट स्टेशनवर स्वयंसेवक म्हणून नाव घातलं. लाइफबोट म्हणजे समुद्रात अडकलेल्यांना वाचवायला किनाऱ्यावरून निघणारी बोट. मी बोटीवर जात नाही, किनाऱ्यावरच्या तुकडीत आहे. बोट पाण्यात नेऊन सोडणारा ट्रॅक्टर चालवतो. घरच्यांच्या ग्रुपवर पिवळ्या बुटांतला एक फोटो टाकला आणि प्रश्न सुरू झाले. मग मित्रांचे आले, मित्रांच्या मित्रांचे आले, इथे नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबांचेही आले. तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाच सगळी लिहून ठेवतो आहे. आधी साधे प्रश्न आहेत, अडचणीचे मागे.

1. आरएनएलआय म्हणजे सरकारी खातं का?

नाही. रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन ही धर्मादाय संस्था आहे. 4 मार्च 1824 रोजी लंडनच्या एका टॅव्हर्नमधल्या सभेत ती स्थापन झाली. पुढाकार सर विल्यम हिलरी यांचा होता. ते आयल ऑफ मॅन बेटावर डग्लसला राहायचे आणि तिथल्या उपसागरात जहाजं फुटताना त्यांनी स्वतः पाहिली होती. आज ब्रिटन, आयर्लंड, आयल ऑफ मॅन आणि चॅनेल बेटं मिळून संस्थेची 238 स्टेशनं आहेत. मधल्या काळात आयर्लंड वेगळा देश झाला, पण लाइफबोटची संस्था दोन्हीकडे एकच राहिली. स्थापनेपासून 1 लाख 40 हजारांहून जास्त जीव वाचवल्याची संस्थेची नोंद आहे.

सगळ्याच लाइफबोटी या संस्थेच्या आहेत असंही नाही. किनाऱ्यावर अनेक स्वतंत्र, गावाने चालवलेल्या लाइफबोटी आहेत. नॉरफकमधल्या कॅस्टर गावातून संस्थेने 1969 मध्ये बोट काढून घेतली, तेव्हा गावकऱ्यांनी स्वतःची सेवा उभी केली. ती अजून चालू आहे.

2. समुद्रात कुणी अडचणीत दिसलं तर तुमच्या स्टेशनला फोन करायचा का?

कृपा करून नको. स्टेशनवर बहुतेक वेळा कुणीच नसतं. ब्रिटनमध्ये 999 किंवा 112 लावा आणि 'कोस्टगार्ड' मागा. बोटीवर असाल तर व्हीएचएफ रेडिओचा चॅनेल 16. सूत्रं कोस्टगार्डच्या हातात असतात: हेलिकॉप्टर पाठवायचं, कड्यावर दोर सोडणारी तुकडी पाठवायची की लाइफबोट मागवायची, हे ते ठरवतात. लाइफबोट हवी असेल तर ते आमच्या स्टेशनच्या 'लाँच ऑथॉरिटी'ला विचारतात. ती गावातलीच एक अनुभवी व्यक्ती असते. तिने हो म्हटलं की आमचे पेजर वाजतात. आयर्लंडमध्ये हेच काम आयरिश कोस्टगार्ड करतं.

फोनवर सगळ्यात उपयोगी माहिती म्हणजे जागा. नुसतं 'बीचवर' म्हणून भागत नाही. कुठून पाहताय, माणूस तुमच्या कुठल्या हाताला आहे आणि शेवटचा कधी दिसला, हे सांगा. आणि त्याच्यावरची नजर काढू नका. लाटांमध्ये डोकं नारळाएवढंच दिसतं. एकदा नजर हटली की पुन्हा सापडत नाही.

3. पेजर वाजल्यापासून बोट पाण्यात जाईपर्यंत काय होतं?

रात्रीचे पावणेतीन धरा. जानेवारी महिना. पेजर उशाशी असतो. त्याचा आवाज इतका कर्कश आहे की झोपेतून उठायला विचार करावा लागत नाही, अंग आधी उठतं आणि डोकं मागून येतं. पँट पलंगाच्या पायथ्याशी असते आणि गाडीची किल्ली डाव्या बुटात. किल्ली बुटात ठेवायची युक्ती मला एका जुन्या मेकॅनिकने शिकवली. बूट न घालता कुणी बाहेर पडत नाही, त्यामुळे किल्ली विसरायचा प्रश्नच येत नाही.

स्टेशनवर पोचलो की दरवाजा वर चाललेला असतो. जो आधी आला तो दिवे लावतो. बोटीवर जाणारे खुंटीवरचे पिवळे ड्रायसूट अंगावर चढवतात, त्यावर लाइफजॅकेट आणि हेल्मेट. ड्रायसूटची चेन तिरपी असते आणि घाईत तीच अडकते, म्हणून एकमेकांची चेन ओढायची सवय सगळ्यांना आहे. तोवर हेल्म, म्हणजे बोटीचा प्रमुख, कोस्टगार्डशी बोलून काय झालंय ते समजून घेतो आणि चौघं निवडतो. आधी आला त्याला जागा, असा हिशेब नसतो. कोण किती शिकलंय, समुद्र कसा आहे, आजच्या कामाला काय लागेल, हे सगळं पाहून तो नावं घेतो. ज्यांना नाव मिळत नाही ते मुकाट्याने सूट उतरवून किनाऱ्याच्या कामाला लागतात. मला या कामातला सगळ्यात अवघड भाग हाच वाटतो, आणि तो कुणी फोटोत काढत नाही.

मग माझं काम. बोट गाड्यावर असते, नाळ (पुढचं टोक) समुद्राकडे. ट्रॅक्टरने गाडा मागून ढकलत पुळणीवरून पाण्यात न्यायचा. हा ट्रॅक्टर खास जलरोधक बनवलेला असतो, चाकं पूर्ण पाण्याखाली गेली तरी चालतो. पाणी पुरेसं झालं की इंजिनं खाली सोडतात, हेल्म हात वर करतो, बोटीचे पट्टे सुटतात आणि दोन इंजिनांचा आवाज एकदम पुढे निघून जातो. आमच्याकडे पेजरपासून इथपर्यंत साधारण दहा मिनिटं लागतात.

पुढचे दोन तास आम्ही अंधारात रेडिओ ऐकत उभे असतो.

4. मोबाइलच्या जमान्यात पेजर कशाला?

मोबाइल सायलेंटवर जातो, त्याची बॅटरी संपते, जाड भिंतींच्या घरात रेंज जाते. पेजर एकच काम करतो आणि ते नीट करतो. पूर्वी गावावर 'मरून' नावाचे दारूचे बार आकाशात उडवून क्रूला बोलवत. अख्खं गाव खिडकीत यायचं. जुनी माणसं अजून त्या आवाजाची आठवण काढतात.

5. पगार किती मिळतो?

मिळत नाही. मोठ्या, सर्व हवामानात चालणाऱ्या बोटींच्या अनेक स्टेशनांवर कॉक्सन (मोठ्या बोटीचा प्रमुख) आणि मेकॅनिक पगारी असतात. लंडनमध्ये थेम्स नदीवर टॉवर स्टेशन आहे, तिथेही पूर्णवेळ क्रू आहे, कारण तिथे चोवीस तास माणसं बसून राहावी लागतात. आमच्यासारख्या स्टेशनवर मात्र सुतार, शिक्षिका, नर्स, प्लंबर, हॉटेलवाली आणि मी. पूर्वी क्रू म्हणजे मच्छीमारच असायचे. आता संस्थेच्याच सांगण्यानुसार नव्या क्रूपैकी दहात एखादाच समुद्रावर पोट भरणारा असतो.

कॉक्सनला मराठीत काय म्हणायचं असं एका वाचकाने विचारलं होतं. आपल्या कोळ्यांचा 'तांडेल' हा अगदी नेमका शब्द आहे. बोटीवर त्याचा शब्द अखेरचा.

6. पेजर वाजत नाही तेव्हा दिवसभर काय करता?

आपापली नोकरी. आणि धुणं.

हे थट्टेने म्हणत नाही. लाइफबोटीच्या आयुष्यात सुटकेपेक्षा धुणं जास्त आहे. बोट परत आली की जमिनीवर टेकल्या क्षणापासून तिच्यावर गोड्या पाण्याचा पाइप चालू होतो. खारं पाणी बिजागऱ्या खातं, विजेच्या जोडण्या खातं, चेनचे दात खातं. इंजिनांतून गोडं पाणी फिरवायचं, ड्रायसूट बाहेरून धुऊन उलटे टांगायचे, लाइफजॅकेट तपासायची, इंधन भरायचं, रेडिओच्या बॅटऱ्या बदलायच्या, दोर मोकळे करून पुन्हा वेटाळायचे. ट्रॅक्टरच्या सगळ्या ग्रीसच्या जागा भरायच्या. हे झाल्यावरच 'बोट सेवेसाठी तयार' असं कोस्टगार्डला कळवता येतं. आणि मग चहा. पहाटे पाच वाजता, ओल्या मोज्यांत, खोक्यातल्या बिस्किटांबरोबर. अर्ध्या तासाचं काम आणि दीड तासाचं धुणं, असं प्रमाण सहज पडतं.

आठवड्यातून एक संध्याकाळ सरावाची. बोट काढायची, पाण्यात पडलेला माणूस म्हणून एक बाहुला टाकायचा आणि शोधायचा. दुसऱ्या बोटीला दोर देऊन ओढायचं. रात्रीचं दिशादर्शन. किनाऱ्यावरच्यांचाही सराव असतोच: वाळू कुठे मऊ झालीय, कालच्या वाऱ्याने चर कुठे पडलाय, हे बघत फिरायचं.

पहिल्या हिवाळ्यात मी हे बघितलं नव्हतं. उधाणाच्या दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच वाटेने ट्रॅक्टर घातला आणि मऊ वाळूत मागचं चाक बसलं. भरती चढत होती. जितका जोर लावला तितकं चाक खाली गेलं. शेवटी सहा जणांनी फावड्यांनी उकरून, फळ्या घालून तो बाहेर काढला तेव्हा पाणी माझ्या सीटपर्यंत आलं होतं. कुणी ओरडलं नाही. फक्त पुढचा महिनाभर माझ्या खुंटीवर कुणीतरी लहान मुलांचं प्लास्टिकचं फावडं टांगून ठेवलं होतं.

7. बोटी किती प्रकारच्या असतात?

ढोबळ दोन. किनाऱ्याजवळ काम करणाऱ्या लहान आणि कुठल्याही हवामानात लांब जाणाऱ्या मोठ्या.

लहानांत डी क्लास: 5 मीटरची फुगवलेली बोट, एक इंजिन, दोन-तीन माणसं. खडकांच्या फटीत, उथळ पाण्यात, लाटा फुटतात तिथे हीच जाते. तिच्याहून मोठी आमची अटलांटिक 85: साधारण साडेआठ मीटर, तळ कडक आणि कडा हवेच्या, दोन इंजिनं, वेग 35 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). उलटली तर मागच्या चौकटीवरची पिशवी हवेने फुगवून सुलटी करता येते आणि इंजिनं पुन्हा सुरू होतात.

मोठ्यांत शॅनन: 13.6 मीटर, 25 नॉट, पंखा नाही तर पाण्याच्या झोताने चालणारी, आणि उलटली तर आपोआप सुलटी होणारी. टॅमार आणि सेव्हर्न तिच्याहूनही मोठ्या. त्या खोल पाण्यात नांगरलेल्या असतात, नाहीतर उतरत्या घसरगुंडीवरून थेट समुद्रात सोडल्या जातात.

चिखल आणि वाळूच्या सपाट किनाऱ्यांसाठी काही ठिकाणी हॉवरक्राफ्ट आहेत. पहिलं 2002 मध्ये मोरकम उपसागरात आलं. तिथे ओहोटीला पाणी मैलोन्‌मैल मागे जातं आणि भरती माणसाच्या चालीपेक्षा वेगाने परत येते. फेब्रुवारी 2004 मध्ये त्याच उपसागरात रात्री शिंपल्या गोळा करणारे चिनी मजूर भरतीत अडकले आणि किमान 21 जण बुडाले.

8. पोहता यायलाच हवं ना?

आलेलं बरं, पण जीव लाइफजॅकेटवर असतो. क्रोमर गावचा कॉक्सन हेन्री ब्लॉग हा संस्थेच्या इतिहासात सर्वांत जास्त पदकं मिळवलेला माणूस: तीन सुवर्ण, चार रौप्य, 53 वर्षं सेवा, 873 जीव. त्याला पोहता येत नव्हतं असं सांगतात.

1861 च्या फेब्रुवारीतल्या वादळात व्हिटबीची लाइफबोट उलटली आणि तेरापैकी बारा जण गेले. वाचला तो एकटा हेन्री फ्रीमन, आणि नव्या पद्धतीचं बुचाचं जॅकेट त्या दिवशी फक्त त्यानेच घातलं होतं. बाकीचे उत्तम दर्यावर्दी होते.

9. क्रूत यायला काय लागतं? आम्ही येऊ शकतो का?

वय किमान 17 (18 च्या आत असाल तर पालकांची संमती), तब्येत आणि नजर चांगली, आणि स्टेशनच्या जवळ राहणं किंवा काम करणं. शेवटची अट सगळ्यात कडक असते. तुम्ही कितीही तगडे असा, पण वीस मिनिटं लांब राहत असाल तर बोट तुमच्याविना गेलेली असणार. बोटीवर जमत नसेल तर किनाऱ्याची तुकडी आहे, दुकान आहे, निधी गोळा करणं आहे, शाळांमधून पाण्याची सुरक्षितता शिकवणं आहे. दारावर जाऊन विचारा, सरावाच्या संध्याकाळी सगळे भेटतात.

10. प्रशिक्षण कुठे होतं?

बहुतेक सगळं स्टेशनवरच, वर्षभर, एकेक कौशल्य पुस्तिकेत सही होत होत. त्याखेरीज डॉर्सेटमधल्या पूल इथे संस्थेचं कॉलेज आहे. तिथे मोठा तलाव आहे, त्यात यंत्राने लाटा उठवतात, दिवे घालवतात, पाऊस पाडतात, आणि उलट्या बोटीखालून बाहेर यायला लावतात. आमच्या गावच्या शिक्षिका तिथून आल्या आणि म्हणाल्या, खऱ्या समुद्रात इतकी भीती कधी वाटली नव्हती.

प्रथमोपचार वेगळ्या पद्धतीने शिकवतात. शरीरशास्त्र पाठ करून घेत नाहीत. समोर जे दिसतंय त्यानुसार कुठलं कार्ड काढायचं आणि त्यावरच्या पायऱ्या कशा करायच्या, एवढंच. हलत्या बोटीत, गार हातांनी, प्लंबरला ते जमलं पाहिजे. ऑक्सिजन आणि वेदना कमी करणारा एन्टोनॉक्स वायू क्रू देऊ शकतो.

11. बायका असतात का बोटीवर?

असतात. आमच्या हेल्मपैकी एक बाईच आहे. 1969 मध्ये वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजच्या स्टेशनवर एलिझाबेथ होस्टवेट ही अठरा वर्षांची नॉर्वेजियन विद्यार्थिनी लहान बोटीची सूत्रं सांभाळण्यास पात्र ठरली, आणि असं करणारी ती पहिली स्त्री होती. त्याआधीही बायका होत्याच, फक्त मोजत नव्हते. डंजनेससारख्या गावांत घरातले पुरुष बोटीत बसायचे आणि जड लाकडी बोट गोट्यांच्या किनाऱ्यावरून पाण्यापर्यंत ओढायच्या त्या बायका.

12. ऑफिसातून मध्येच पळून जाता? साहेब काही म्हणत नाही?

आधी बोलून ठेवावं लागतं. माझ्या साहेबांनी एकच अट घातली: ग्राहकासमोर बसलेला असशील तर निदान 'आलोच' म्हणून जा. किनाऱ्यावरच्या गावांत बहुतेक मालकांना हे माहीत असतं, त्यांच्या घरातलंही कुणीतरी कधीतरी क्रूत असतं. पण सगळ्यांना परवानगी नसते. म्हणून दिवसा कोण, रात्री कोण, याचा मेळ घालणं ही स्टेशनची कायमची डोकेदुखी. गावात घरांच्या किमती वाढतात, तरुण लांब राहायला जातात, आणि मंगळवारी सकाळी अकराला चौघं जमवणं रविवारपेक्षा कठीण होतं.

13. घरच्यांचं काय?

हा प्रश्न मला फार कमी लोक विचारतात आणि माझ्या बायकोला सगळे विचारतात.

पेजर वाजला की मी उठून जातो. गॅसवरचं दूध, आंघोळीत असलेला मुलगा, दारात आलेले पाहुणे, हे तिच्याकडे राहतं. एका वाढदिवसाला मी केकवरची मेणबत्ती पेटवली आणि विझवायला नव्हतो. दोघंही क्रूत असलेली जोडपी आहेत. मुलं लहान असतील तर आज कुणाची पाळी हे फ्रिजवर लिहिलेलं असतं, नाहीतर दोघंही पळायचे. आमच्या शेजारच्या आजींकडे चार घरांच्या किल्ल्या आहेत. रात्री पेजर वाजला की त्या गाऊनवर कोट चढवून कुणाच्या तरी झोपलेल्या मुलांपाशी येऊन बसतात. त्यांचं नाव स्टेशनच्या कुठल्याच यादीत नाही.

14. पेजर असताना दारू चालते का?

नाही. एक पेला घेतला तरी त्या वेळेपुरतं 'मी उपलब्ध नाही' असं कळवायचं. लग्नकार्यात त्यामुळे गंमत होते. एका टेबलावर सगळे संत्र्याचा रस पिताना दिसले की समजायचं, आजची पाळी यांची.

15. गाडीवर निळा दिवा, सायरन असतो का?

नाही. स्टेशनला जाणारी आमची खासगी गाडी ही साधी गाडीच. सिग्नल लाल असेल तर थांबायचं, वेगमर्यादा पाळायची. गावातले लोक ओळखून वाट देतात, पर्यटक हॉर्न वाजवतात.

16. किती वेळा बोलावणं येतं, आणि कशासाठी?

स्टेशनागणिक फार फरक. थेम्सवरचं टॉवर सगळ्यांत व्यग्र. काही बेटांवर महिनोन्‌महिने शांतता. आमच्याकडे हिवाळ्यात महिन्याला एखादी 'शाउट' (बोलावण्याला क्रूचा हा शब्द) आणि उन्हाळ्यात एकाच शनिवारी तीन.

लोकांना वाटतं वादळ, फुटलेलं जहाज. प्रत्यक्षात ऊन पडलेलं असतं. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा पॅडलबोर्डवाल्याला घेऊन जातो, आणि किनाऱ्यावरून पाणी सपाट दिसत असल्याने त्याला ते कळत नाही. बोटीचं इंजिन बंद पडतं, बहुधा इंधन संपलेलं असतं. खडकाच्या कोपऱ्यापलीकडे फिरायला गेलेलं कुटुंब भरतीने अडकतं. मुंबईत साडेचार मीटरची भरती म्हटलं की बातमी होते. ब्रिस्टल चॅनेलमध्ये भरती-ओहोटीतला फरक उधाणाला सुमारे 14 मीटरपर्यंत जातो. नॉर्थंबरलंडमधल्या होली आयलंडचा रस्ता रोज दोनदा पाण्याखाली जातो. सुरक्षित वेळा तिथे पाटीवर लिहिलेल्या असतात, आणि तरीही दरवर्षी कुणाची तरी गाडी त्यात बुडते.

17. वाचवल्यावर बिल येतं का?

जीव वाचवण्याचं बिल नाही. बंद पडलेली बोट ओढून आणली तरी संस्था पैसे मागत नाही. लोक दुसऱ्या दिवशी येऊन पेटीत काहीतरी टाकतात, कुणी केक आणतं, कुणी काहीच नाही. पण कुणाचा जीव धोक्यात नसेल आणि फक्त मालमत्ता वाचवायची असेल, तर कोस्टगार्ड खासगी टोइंगवाल्याकडे पाठवू शकतं, आणि त्याचं बिल येतं. पैसा कुठून येतो ते प्रश्न 23 मध्ये.

18. उगाच बोलावलं असं झालं तर? दंड?

शंका आली म्हणून फोन केला आणि नंतर काहीच नव्हतं असं निघालं तर कुणी रागावत नाही. त्याला इथे 'चांगल्या हेतूचा चुकीचा इशारा' म्हणतात आणि तशीच नोंद होते. एकदा आम्ही तासभर एक बुडणारा माणूस शोधला, तो सील निघाला. फोन करणाऱ्या बाई रडवेल्या झाल्या होत्या, त्यांना आम्ही चहा पाजून घरी पाठवलं. मुद्दाम खोटा फोन करणं मात्र गुन्हा आहे.

19. कुत्र्यासाठी बोट काढता हे खरं का?

खरं. कुत्रा कड्यावरून पडला किंवा वाहून गेला तर मालक त्याच्यामागे उडी मारतो आणि मग दोघांना शोधावं लागतं. कुत्रा बरेचदा स्वतः पोहत परत येतो. मालक येत नाही.

20. इंग्लिश खाडीतून रबरी होड्यांत येणाऱ्या लोकांना का वाचवता? ते बेकायदा येतात ना?

हा प्रश्न रागाने विचारणारे बरेच आहेत, म्हणून सरळ उत्तर देतो. कोस्टगार्ड सांगतं, अमुक ठिकाणी माणसं बुडताहेत. बोट जाते. पाण्यात असलेल्या माणसाचा पासपोर्ट विचारला जात नाही. समुद्रात संकटात सापडलेल्याला मदत करायची ही आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यातली जुनी जबाबदारी आहे, आणि पुढे त्याचं काय करायचं हे जमिनीवरच्या यंत्रणांचं काम. 24 नोव्हेंबर 2021 रोजी त्या खाडीत एक होडी बुडून किमान 27 जण गेले. केंटच्या किनाऱ्यावरच्या क्रूंनी शिव्याही खाल्ल्या आहेत. 2021 च्या उन्हाळ्यात शिव्या वाढल्या तशा देणग्याही वाढल्या, हेही खरं.

21. वादळात 'आम्ही जाणार नाही' असं म्हणता येतं का?

येतं. कोस्टगार्ड विनंती करतं. लाँच ऑथॉरिटी हो किंवा नाही म्हणते. आणि समुद्र समोर पाहून शेवटचा निर्णय हेल्मचा किंवा कॉक्सनचा. आमच्या लहान बोटीला हवामानाची ठरलेली मर्यादा आहे, रात्री ती आणखी कमी. तिच्यापलीकडे शेजारच्या स्टेशनची मोठी बोट बोलावतात. क्रूपैकी कुणीही 'आज मला जमणार नाही' म्हणू शकतो, कारण विचारायचं नाही असा अलिखित नियम आहे. सहा वर्षांत मी ते दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा दुसऱ्याने न बोलता हेल्मेट उचललं.

22. क्रूमधली माणसं कधी मेली आहेत का?

हो. आता हे विरळ झालंय, पण जुन्या स्टेशनांत भिंतीवर नावं आहेत. 9 डिसेंबर 1886 रोजी लँकशरच्या किनाऱ्यावर 'मेक्सिको' नावाच्या जहाजाच्या मदतीला गेलेल्या साउथपोर्ट आणि सेंट ॲन्सच्या दोन लाइफबोटींचे 27 जण एका रात्रीत गेले. इतके एकाच प्रसंगी पुन्हा कधी गेले नाहीत. मेक्सिकोवरचे सगळे बारा जण लिथमच्या तिसऱ्या बोटीने वाचवले.

कॉर्नवॉलमध्ये माउझल नावाचं गाव आहे. 19 डिसेंबर 1981 च्या रात्री 'युनियन स्टार' जहाजाचं इंजिन बंद पडलं. चक्रीवादळी वारा, हेलिकॉप्टरला दोर सोडता येईना. तिथल्या पेनली स्टेशनची 'सॉलोमन ब्राउन' ही लाकडी लाइफबोट आठ जणांना घेऊन निघाली. कॉक्सन ट्रेव्हेलियन रिचर्ड्सने निघताना एका मुलाला मागे ठेवलं, कारण त्याचे वडील आधीच बोटीत होते आणि अशा रात्री एका घरातले दोघं नकोत. बोटीने जहाजावरच्या चौघांना उतरवून घेतल्याचं रेडिओवर सांगितलं. त्यानंतर आवाज आला नाही. दोन्हीकडचे मिळून सोळा जण गेले. एका दिवसाच्या आत गावातून नव्या क्रूइतकी नावं आली. मागे ठेवलेला तो मुलगा पुढे त्याच स्टेशनचा कॉक्सन झाला.

माणूस हाती लागत नाही, किंवा लागतो पण उशिरा, असंही होतं. त्यानंतर काही दिवसांनी प्रशिक्षित सहकारी प्रत्येकाशी बोलतात, झोप येते का विचारतात. पूर्वी हे काम चहाच करायचा. अजूनही पहिलं काम तोच करतो.

23. पैसे कुठे जातात, आणि आम्ही कसे द्यावेत?

बोटी, इंधन, ड्रायसूट, प्रशिक्षण. मोठा हिस्सा लोकांच्या मृत्युपत्रांतून येतो, म्हणून कित्येक बोटींवर गेलेल्या माणसांची नावं आहेत. रस्त्यावर डबा हलवून निधी गोळा करण्याची प्रथाही इथलीच: प्रश्न 22 मधल्या 1886 च्या दुर्घटनेनंतर चार्ल्स मॅकॅरा या उद्योजकाने पुढाकार घेतला आणि 1891 मध्ये मँचेस्टरच्या रस्त्यांवर 'लाइफबोट सॅटर्डे' भरवला. स्टेशनवर या, दुकानातून एक मग घ्या, पेटीत सुटे टाका, पुरे.

24. आम्ही पाण्यात पडलो तर? एकच गोष्ट सांगा.

तरंगा. इथल्या समुद्राचं सरासरी तापमान 12 अंशांच्या आसपास असतं, आणि 15 च्या खाली गार पाण्याचा धक्का बसतो. श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, त्या वेळी तोंड पाण्यात असेल तर संपलं. त्यामुळे लगेच हातपाय मारून पोहायला जाऊ नका. पाठीवर पडा, डोकं मागे, कान पाण्यात, हात हळू हलवत राहा. दोन मिनिटांच्या आत धक्का ओसरतो. मग हाक मारा, मग पोहा. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हेच लागू.

25. इतकी वर्षं झाली, तू अजून बोटीवर का जात नाहीस? (आईचा, दर रविवारी)

आई, मला बोट लागते. लहानपणी रेवसच्या लाँचमध्ये तुझ्या साडीवर काय झालं होतं, आठवतंय ना? तेच इथेही झालं, पहिल्याच सरावाला, फक्त साडीऐवजी मेकॅनिकचे बूट होते. त्याने ते धुतले, किल्ली पुन्हा डाव्या बुटात टाकली आणि म्हणाला, ट्रॅक्टर चालवता येतो का?